बर्फाचा इन्चार्ज

२ मार्च, सोमवार

आजपासून मी बर्फाचा इन्चार्ज.

परवापर्यंत सोफ्यांचा होतो. मॉलमधलं आमचं फर्निचरचं दुकान बंद झालं. लोक आता सोफासुद्धा फोनवर बघून मागवतात, त्यावर एकदाही न बसता. त्यांची पाठ त्यांना लखलाभ. मोठ्या साहेबांनी, म्हणजे मॉलच्या मॅनेजरांनी, दोन पर्याय दिले. दुसऱ्या मॉलमध्ये गाद्या, नाहीतर इथेच तळमजल्यावरचं आइस स्केटिंगचं रिंक. मी ताबडतोब रिंक म्हणालो. साहेबांनी विचारलं, बर्फाचा काही अनुभव? मी म्हणालो, गिऱ्हाईक सांभाळलेल्या माणसाला बर्फ काय जड आहे, तो तर तोंड उघडून बोलतही नाही. साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. छाप पडली असावी.

घरी सांगितलं. बायको बरं म्हणाली. लेक म्हणाली, कुठल्या रिंकवर, आमच्या? आणि ताट उचलून खोलीत गेली. आनंद झाला की तिला एकांत लागतो. लहानपणापासूनचं आहे.

३ मार्च, मंगळवार

पहिली पाहणी. सकाळी नऊलाच हजर. स्वेटर विसरलो.

रिंक मोठं आहे. कडेला कठडा, त्यापलीकडे बाकं, कोपऱ्यात कॉफीचा स्टॉल. मुलं तासभर फिरली की बर्फ ओरखड्यांनी भरतो. मग एक गाडीवजा मशीन वरून फिरतं. ते बर्फ थोडा तासतं, मागून पाणी सोडतं, की पुन्हा गुळगुळीत. सगळे त्या मशीनला इस्त्री म्हणतात आणि चालवणाऱ्याला इस्त्रीवाले. माणूस वयस्कर, शांत, पानावर बोट ठेवून पेपर वाचणारा.

आता मुद्दा. इस्त्रीच्या मागून वाफ येत होती. जवळ जाऊन पाहिलं तर पाणी गरम. चांगलं कढत. बर्फावर गरम पाणी. मी चाटच पडलो. इस्त्रीवाल्यांना विचारलं, का? म्हणाले, पहिल्यापासून असंच आहे. मी म्हणालो, पण का? म्हणाले, ते काय माहीत नाही, पण पहिल्यापासून.

इतकी वर्षं कोणालाच हा प्रश्न पडला नाही. बाहेरचा माणूस यावा लागतो. उद्यापासून गार पाणी, असा आदेश दिला. इस्त्रीवाले म्हणाले, तुम्ही म्हणाल तसं. माणूस आवडला.

बूट घालून बर्फावरही उतरून पाहिलं. मधोमध थोडा वेळ बसून पाहणी केली. बसण्याचा निर्णय जरा अचानक घेतला. लेक तेव्हा पलीकडच्या कठड्याशी होती. तिने तोंड दुसरीकडे वळवलं होतं, त्यामुळे तिने काही पाहिलं नसणार.

५ मार्च, गुरुवार

गार पाणी सुरू. बर्फाला दुधी रंग आला आहे. आधी तो पारदर्शक होता, खालच्या रेघासुद्धा दिसायच्या. आता कसा भरगच्च वाटतो. श्रीमंत.

जेवताना सहज सांगितलं. लेक म्हणाली, बाबा, गार इस्त्रीने कोणी कपडे इस्त्री करतं का? गरम पाण्याने वरचे ओरखडे थोडे वितळतात, मग सगळं मिळून एकसंध गोठतं. गार पाणी पसरायच्या आधीच गोठतं, खालच्या बर्फाला धरतच नाही. शाळेत पदार्थाच्या अवस्था शिकवतात, त्यातलं काहीतरी. मी म्हणालो, पुस्तकातला बर्फ वेगळा आणि धंद्यातला वेगळा.

कपड्यांचा इथे काय संबंध, ते कळलं नाही.

७ मार्च, शनिवार

कोच मॅडम ऑफिसात आल्या. बारीक अंगाच्या, केस घट्ट बांधलेले, आवाज कधीच न चढवणाऱ्या. अशी माणसं मला आवडत नाहीत, नेमकी कधी बोलणी बसली ते कळतच नाही. म्हणाल्या, बर्फाचे पापुद्रे निघताहेत, ब्लेडला पकड मिळत नाही, मुली वळताना घसरतात. मी त्यांना शांतपणे समजावलं की कुठलीही नवी गोष्ट रुळायला वेळ लागतो, नव्या सोफ्याचा फोमसुद्धा सुरुवातीला बोचतो. त्या म्हणाल्या, सोफ्याचा? मी म्हणालो, हो. मग त्या गेल्या. पटलं असावं.

घरी आल्यावर बायकोने बसवून घेतलं. २८ तारखेला लेकीची मोठी परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येणार, आमच्याच रिंकवर. पास झाली तर टीममध्ये. नापास झाली तर संपलं, कारण पुढच्या वर्षी ती या गटाच्या वयात बसत नाही. सात वर्षांची असल्यापासून पोरगी रोज पडते, उठते, ते या एका दिवसासाठी. म्हणून बर्फाशी खेळ करू नका, असं बायकोचं म्हणणं.

मला हे सगळं माहीत होतं. फक्त तारीख माहीत नव्हती. आणि वयाचं. आणि टीमचं.

इथे लिहायला हरकत नाही, वाचणार कोण आहे. गाद्या सोडून रिंक घेतलं ते तिच्यासाठी. घरी ती दिवसाकाठी दोन वाक्यं बोलते, त्यातलं एक चार्जर कुठे आहे हे असतं. तिथे कोच मॅडम काही सांगत असतात तेव्हा ती मान वर करून अशी ऐकते की मला बघवत नाही. तसं एकदा माझ्याकडे बघावं. एवढंच. २८ तारखेला ती आजवरच्या सगळ्यात चांगल्या बर्फावर उतरेल, आणि तो बर्फ तिच्या बापाचा असेल.

१० मार्च, मंगळवार

कोपऱ्यात एक जुनं मशीन आहे. दिवसभर कण्हत असतं, म्हणून त्याला म्हातारी म्हणतात. त्याच्या नळीखाली बादली. ती भरली की इस्त्रीवाले ओततात आणि पुन्हा लावतात. आज उभं राहून नीट निरीक्षण केलं. मशीनला पाण्याचं कनेक्शन नाही. तरी पाणी येतं. निष्कर्ष उघड आहे: मशीन गळतं. इस्त्रीवाल्यांना विचारलं, कधीपासून गळतंय? म्हणाले, पहिल्यापासून.

बंद केलं. काय शांतता. बर्फाच्या इतक्या जवळ असं गळकं मशीन कोणाच्या सुपीक डोक्यातून ठेवलं गेलं, देव जाणे.

संध्याकाळी घरी सांगितलं. लेकीने कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाली की ते गळत नाही, ते हवेतला ओलावा ओढून घेतं, तेच त्याचं काम. मी म्हणालो, हवेत बादली बादली पाणी असतं तर आपण सगळे बुडालो असतो. तिने माझ्यासमोरच्या गार पाण्याच्या ग्लासकडे बोट दाखवलं. बाहेरून पाण्याचे थेंब ओघळत होते. म्हणाली, हे कुठून आलं मग?

ग्लास बदलला. घरातली भांडी कोणी बघतच नाही.

१२ मार्च, गुरुवार

रिंकवर धुकं.

पांढरं, मऊ, गुडघ्याइतकं. मुलं गुडघ्यांपासून वरच दिसतात, तरंगत गेल्यासारखी. अगदी थंड हवेच्या ठिकाणी आल्यासारखं वाटतं. लोक ह्यासाठी सुट्ट्या काढून लांब जातात आणि आपल्याकडे मॉलच्या तळमजल्यावर. फोटो काढून मोठ्या साहेबांना पाठवला. त्यांचं उत्तर नाही. मीटिंगमध्ये असतील.

कोच मॅडमना मुलींचे पाय दिसत नाहीत म्हणे. मी सुचवलं की चेहऱ्यावरून अंदाज घ्या.

१४ मार्च, शनिवार

धुकं आता छातीपर्यंत. दोन मुलं एकमेकांवर आपटली. कोणाला फार लागलं नाही, पण एकीच्या आईने मला इन्चार्ज कोण म्हणून विचारलं. मी म्हणालो, बघतो कुठे आहेत ते.

उपाय केला. दोन्ही बाजूंचे मोठे दरवाजे सताड उघडले, धुकं बाहेर जावं म्हणून. बाहेर उकाडा. अंगाला शर्ट चिकटतोय. थोड्या वेळात धुकं दुप्पट झालं. म्हणजे ते बाहेरूनच येत होतं. निदान कारण सापडलं. दरवाजे लावून घेतले. धुकं आतच राहिलं.

आज दिवसभर बसलोच नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसता फेऱ्या मारतो आहे. इस्त्रीवाले म्हणाले, साहेब, थोडं टेका. यांना टेकायचं सुचतं कसं?

१६ मार्च, सोमवार

छतातून पाणी गळतंय. थेंब थेंब, सगळीकडून. डोक्यावर, बर्फावर, माझ्या चहात.

वरच्या मजल्यावर बुटांचं दुकान आहे. त्यांच्या मॅनेजरला जाऊन चार शब्द सुनावले. तो म्हणाला, आमच्याकडे नळच नाही, बूट धूत नाही आम्ही. सगळे असंच म्हणतात. प्लंबर बोलावला. तो शिडी लावून चढला, छतावर हात फिरवला, उतरला. म्हणाला, वर पाइपच नाही. मी विचारलं, मग गळतं कसं? तर म्हणतो, तेच तुम्हाला विचारणार होतो. मी त्याला बोलावलं होतं की त्याने मला?

थेंब बर्फावर पडतात आणि तिथेच गोठतात. प्रत्येक थेंबाचं एक टेंगूळ. सगळ्या रिंकवर घामोळं उठल्यासारखं दिसतं.

संध्याकाळच्या सरावात लेक त्या टेंगळांवर अडखळून पडली. मी ऑफिसच्या दारातून बघत होतो. उडी घेतली ती छान, हवेत सरळ, आणि खाली आली ती थेट कोपरावर. आवाज मला ऑफिसपर्यंत ऐकू आला. मी कठड्यापाशी धावलो, पण पुढे बर्फ होता. मी तिथेच उभा राहिलो. कोच मॅडमनी तिला उठवलं.

१७ मार्च, मंगळवार

आजचा दिवस नीट लिहून ठेवतो.

कोपर सुजलं होतं म्हणून सकाळी मी फ्रिजमधून बर्फ काढायला गेलो. ट्रेमधले खडे निम्मे झालेले, कडा झिजलेल्या, भिंगासारखे. बायकोला म्हणालो, कोणीतरी बर्फ वापरतंय आणि सांगत नाहीये. ती म्हणाली, बर्फ चोरायला मला दुसरा धंदा नाही का? तेवढ्यात लेक टेबलाशी बसून हसली. खरंच हसली. म्हणाली, बाबा, बर्फ न वितळताच हवेत जातो, हळूहळू, वाफ होऊन. मधे पाणी व्हायचं लागत नाही त्याला. मी म्हणालो, आपल्या घरात सगळं पायरीपायरीने होतं. ती पुन्हा हसली.

मग मी तिच्या कोपराला फडक्यात बर्फ बांधून धरून बसलो आणि ती बोलत राहिली. चहा गार होईपर्यंत. पाण्याचं सगळं सांगितलं. गरम हवेत पाणी लपून बसतं, ती हवा थंड जागी आली की ते पाणी बाहेर पडतं, कधी धुकं म्हणून, कधी छतावर थेंब म्हणून, आणि खाली पडलं की गोठतं. म्हातारीचंही काहीतरी होतं. इस्त्रीचंही. टेबलावर बोटाने रिंकचं चित्र काढून दाखवत होती. एक हात माझ्या हातात, दुसऱ्या हाताने चित्र. भुवया वर करून, अगदी माझ्या आईसारखी. मी दर वाक्याला हो हो म्हणत होतो.

शेवटी तिने विचारलं, मग कराल ना बाबा? मी म्हणालो, नक्की.

काय करायचं ते आता नीट आठवत नाही. पण बोलली. कितीतरी महिन्यांनी एवढं बोलली. रिंकवर आल्यापासूनचा सगळ्यात चांगला दिवस.

१९ मार्च, गुरुवार

लेकीला जे सांगायचं होतं त्याचा गाभा थंडीचा होता, एवढं मला पक्कं लक्षात आहे. म्हणजे थंडी कमी पडते आहे. कूलिंग शेवटपर्यंत वाढवलं.

दुपारपासून बर्फ कडकड वाजतोय. काच तडकावी तसा. या टोकाकडून त्या टोकाकडे एक मोठी भेग गेली. इस्त्रीवाले पेपर बाजूला ठेवून उभे राहिले. हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मी विचारलं, असं पहिल्यापासून होतं का? म्हणाले, नाही.

छतातून थेंब वाढले आहेत.

लेक सरावाला आली, बर्फ पाहिला, माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेची मी वाट पाहत होतो ती ही नव्हे.

२० मार्च, शुक्रवार

कोच मॅडमचा प्रस्ताव: परीक्षा दुसऱ्या गावच्या रिंकवर न्यावी. मी साफ नाही म्हणालो. मोठ्या साहेबांनाही कळवलं की २८ पर्यंत रिंक चकाचक असेल, माझा शब्द. साहेबांनी विचारलं, तुमचा शब्द कितपत धरायचा? मी म्हणालो, पूर्ण.

रात्री जेवताना लेक हळूच म्हणाली, बाबा, तिकडे होऊ द्या ना. मला कळलं, पोरीचा आत्मविश्वास डळमळला आहे. अशा वेळी आईबापांनी ठाम राहायचं असतं. मी म्हणालो, तू घाबरू नकोस, मी आहे. ती म्हणाली, हो, तेच. आणि उठली.

२२ मार्च, रविवार

रिंकला सुट्टी. मी गेलो. रंगकामाचा पत्रा घेऊन गुडघ्यांवर बसून एकेक टेंगूळ खरवडलं. एका कोपऱ्यातलं संपवून मागे वळून पाहिलं तर तिथे नवी आली होती.

गुडघे गेले. बायकोने शेक दिला आणि विचारलं की ते जुनं मशीन चालू करून बघायला काय हरकत आहे. गळकं मशीन कसं चालू करणार, असं मी विचारल्यावर तिने शेकाची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाली, तुम्ही थकलात.

मी थकलेलो नाही.

२४ मार्च, मंगळवार

बसवत नाही, उभं राहवत नाही. दर थेंबाचा आवाज ऐकू येतो. घरीसुद्धा. नळ बंद होता, तरी उठून दोनदा बघितला.

धुक्यासाठी पंखे लावले. धुकं या बाजूने त्या बाजूला गेलं. हीटर लावावा का? बर्फाशेजारी हीटर? विचार करतो आहे, म्हणजे पाहा.

२६ मार्च, गुरुवार

सुचलं.

इतके दिवस मी बर्फाचा विचार बर्फवाल्यासारखा करत होतो, तिथेच चुकलं. मी कोण? सोफ्यांचा माणूस. शोरूममध्ये धूळ, पाणी, मुलांचे हात, यांच्यापासून नवा सोफा कसा वाचवतात? कव्हर घालून. जाड, पारदर्शक प्लास्टिक. गिऱ्हाईक आलं की कव्हर काढायचं, खाली सोफा कोरा करकरीत. आमच्या बंद दुकानाच्या गोदामात त्या प्लास्टिकचे गठ्ठे तसेच पडून आहेत.

उद्या संध्याकाळी सगळं रिंक झाकायचं. छतातून काय गळायचं ते प्लास्टिकवर गळो. परवा सकाळी परीक्षकांसमोर एका झटक्यात कव्हर काढायचं. खाली आरसा. मी ते दृश्य मनात बघितलं. लेक पलीकडे उभी, आणि तिचं तोंड उघडं.

हे बर्फाच्या धंद्यात आजवर कोणाला सुचलं नाही. बाहेरचा माणूस यावा लागतो.

२७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

रिंक लवकर बंद केलं. इस्त्रीवाल्यांनी शेवटचा हात फिरवला. बर्फ ओला, चमकदार दिसत होता, म्हणून म्हणालो की चमक जायच्या आत ताबडतोब झाका. ते थांबले. म्हणाले, साहेब, आधी गोठू द्यायचं का? मी म्हणालो, सोफ्याला पॉलिश ताजं असतानाच कव्हर घालतात, त्याने तेज टिकतं. तुम्ही म्हणाल तसं, म्हणाले.

पट्टा पट्टा जोडत सगळं झाकलं. सुरकुतीसुद्धा नाही. थेंब प्लास्टिकवर टपटप पडत होते आणि मला पहिल्यांदा त्या आवाजाची चीड आली नाही.

लेकीला म्हणालो, उद्या बघच. तिने ब्लेड पुसता पुसता मान हलवली. मी विचारलं, भीती वाटते? म्हणाली, वाटते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने ठेवू दिला.

२८ मार्च, शनिवार. सकाळी

प्लास्टिक निघत नाही.

२८ मार्च. थोड्या वेळाने

प्लास्टिक बर्फात गोठलं आहे. खाली पाणी, वर पाणी, मधे कव्हर. सगळं मिळून एक झालं. ओढलं की एखाद्या ठिकाणी बर्फाची लादीच उचलून येते. बाकी ठिकाणी फाटतं आणि अर्धं आत राहतं. आत बुडबुडे दिसतात. इस्त्रीवाले आणि मी दोन टोकांनी ओढतो आहोत. परीक्षक दहा वाजता.

२८ मार्च. दुपारी

लिहितो, कारण दुसरं काय करू.

परीक्षक आले. लांब कोट घातलेली तीन माणसं, कठड्यापाशी ओळीने उभी. त्यातल्या एकाने विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, संरक्षक आवरण आहे, प्रयोग चालू आहे. ते एकमेकांकडे बघत राहिले. मोठे साहेब मागे उभे होते, त्यांनी चष्मा काढून पुसला.

कोच मॅडम अजिबात गडबडल्या नाहीत. फोनवर एवढंच म्हणाल्या, निघतोय आम्ही. दुसऱ्या गावचं रिंक त्यांनी आठवड्यापूर्वीच दुपारसाठी धरून ठेवलं होतं. परीक्षकांना माहीत होतं. मुलींना माहीत होतं. बायकोच्या हातात डबा होता, लेकीचा जास्तीचा ड्रेस होता, पाण्याची बाटली होती. मला वाटलं होतं ती बघायला आली आहे.

सगळ्या बाहेर पडल्या. लेक सगळ्यांत शेवटी. खांद्यावर बॅग. माझ्यापाशी थांबली. मी गुडघ्यांवर होतो, हातात प्लास्टिकचा तुकडा. मला वाटलं आता ती बोलेल ते मला ऐकवणार नाही. ती म्हणाली, बाबा, गरम पाणी टाका, सुटेल ते. आणि गेली.

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

२८ मार्च. संध्याकाळी

गरम पाण्याने सुटतंय.

कॉफीच्या स्टॉलवरून किटल्या भरभरून आणतो आहे. ओतलं की वाफ चेहऱ्यावर येते, बर्फ थोडा सैल होतो, प्लास्टिक अलगद हातात येतं. इस्त्रीवाल्यांनी न विचारता म्हातारी चालू केली. मी बादली नळीखाली सरकवली.

बायकोचा फोन आला. पास झाली. उडी नीट उतरली, कोपर दुखत असूनही. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. बायको रडत होती, मला म्हणाली की तुम्ही असायला हवं होतं. मी म्हणालो, इथे काम आहे. फोन ठेवला आणि बर्फावर बसलो. या वेळी खरंच बसलो. इस्त्रीवाल्यांना सांगितलं. म्हणाले, होणारच होती, पहिल्यापासून.

२९ मार्च, रविवार

लेक उशिरापर्यंत झोपली होती. मी भाषण तयार ठेवलं होतं. मुख्य मुद्दा असा की अवघड बर्फावर सराव झाल्यामुळेच तिकडचा बर्फ तिला सोपा गेला. एका अर्थी हे माझंच प्रशिक्षण. बायकोने डोळ्यांनी दटावलं म्हणून सांगितलं नाही.

मग नाश्त्याला कळलं. टीमचा सराव तिकडच्याच रिंकवर असतो. रोज पहाटे. जाऊन येऊन जमणार नाही. ती मावशीकडे राहणार. शाळाही तिकडची बघून ठेवली आहे. बुधवारी निघायचं.

मी म्हणालो, हे मला कोणी सांगितलं नाही. बायको म्हणाली, सांगितलं होतं, याच टेबलावर, तुम्ही तेव्हा म्हातारीबद्दल बोलत होता.

म्हणजे मी बर्फ कितीही चांगला केला असता तरी ती गेलीच असती. चांगला केला असता तर माझ्या डोळ्यांसमोरून गेली असती, एवढाच फरक. महिनाभर मी जिवाचा आटापिटा करत होतो तो कशासाठी, हे मी एकदाही विचारलं नाही.

मी लेकीला म्हणालो, इथला बर्फ आता ठीक होईल. ती म्हणाली, माहीत आहे बाबा, होईल ठीक.

१ एप्रिल, बुधवार

सोडून आलो. मावशीचं घर चांगलं आहे, खोलीला खिडकी आहे. बसायचा सोफा मात्र दबलेला. मी स्प्रिंग तपासून दिला. निघताना सूचना द्यायच्या होत्या त्या गाडीत बसल्यावर आठवल्या.

६ एप्रिल, सोमवार

छत कोरडं. धुकं नाही. म्हातारी कण्हते आहे, बादली भरते आहे. इस्त्री गरम पाणी सोडत फिरते, मागे वाफ उठते आणि विरते, आणि बर्फ असा होतो की वरचे दिवे त्यात सरळ दिसतात. मोठे साहेब येऊन बघून गेले. मी म्हणालो, माझ्या पद्धतीला जरा वेळ लागतो. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

कोच मॅडमही आल्या. म्हणाल्या, इतका चांगला बर्फ इथे आधी पाहिला नव्हता. मी थँक यू म्हणालो.

चार वाजता लेकीच्या जुन्या गटाची मुलं आली. मी कठड्याशी उभा राहून सगळ्यांना मोजल्यासारखं करत होतो. कोणी पडलं नाही. मग फोन काढला, बर्फाचा एक फोटो घेतला आणि लेकीला पाठवला.

तिने अंगठा पाठवला. त्यानंतर ती काहीतरी टाइप करते आहे असं दिसलं. मग थांबलं. मी रिंक बंद होईपर्यंत फोन हातात धरून बाकावर बसलो होतो.